१९व्या वर्षी तीन गोल, ३०व्या वर्षी देशात पहिला : शेन ओ'डॉनेलची हर्लिंग कारकीर्द

५-१६ विरुद्ध ३-१६. डब्लिनच्या क्रोक पार्कवर २८ सप्टेंबर २०१३ च्या संध्याकाळी हा निकाल लागला, आणि आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचा क्लेअर परगणा हर्लिंग या काठी-चेंडूच्या आयरिश खेळाचा ऑल-आयर्लंड, म्हणजे देशाचा, विजेता झाला. कॉर्क हरलं. या निकालातले तीन गोल आणि तीन पॉइंट एका १९ वर्षांच्या मुलाचे होते, आणि सामन्याच्या दिवशीपर्यंत आपण सुरुवातीपासून खेळणार आहोत हे त्याला ठाऊकही नव्हतं. त्याचं नाव शेन ओ'डॉनेल.

यूट्यूबवर हर्लिंग शोधलं की त्या संध्याकाळची चित्रफीत लगेच सापडते. लोक ती पाहतात, थक्क होतात आणि तिथेच थांबतात. मला त्याची पुढची अकरा वर्षं जास्त मोलाची वाटतात. ती समजायला मात्र हा खेळ चालतो कसा, खेळाडू घडतो कुठे आणि त्याला मिळतं काय, हे आधी माहीत हवं.

आधी गुणांचं कोडं सोडवू. मैदानाच्या दोन्ही टोकांना इंग्रजी एच अक्षरासारखे खांब असतात. आडव्या दांडीच्या खाली जाळं, त्यात चेंडू गेला की गोल, म्हणजे ३ गुण. दांडीवरून, पण दोन उभ्या खांबांच्या मधून गेला की पॉइंट, म्हणजे १ गुण. आधी गोल आणि मग पॉइंट असे आकडे लिहायचे. ५-१६ म्हणजे पाच गोल आणि सोळा पॉइंट, एकूण ३१ गुण. ३-१६ म्हणजे २५. क्लेअर सहा गुणांनी जिंकलं.

२८ सप्टेंबरचा तो सामना खरं तर फेरसामना होता. ८ सप्टेंबरला झालेल्या मूळ अंतिम सामन्यात कॉर्कचे ३-१६ आणि क्लेअरचे ०-२५ झाले होते. दोन्हीकडे २५ गुण, म्हणजे बरोबरी. क्लेअरला अख्ख्या सामन्यात एकही गोल करता आला नव्हता, तरी लांबून पॉइंटमागून पॉइंट मारत त्यांनी कॉर्कला गाठलं. शेवटच्या क्षणांत पॅट्रिक हॉर्गनने कॉर्कला एका गुणाने पुढे नेलं होतं. तेव्हा बरोबरीचा पॉइंट मारला तो क्लेअरच्या कोपऱ्यातल्या बचावपटूने, डोनल ओ'डोनोव्हनने. मोठ्या स्पर्धेत त्याने त्याआधी एकही पॉइंट मारला नव्हता. तीन आठवड्यांनी कॉर्कने पुन्हा तेवढेच ३-१६ केले. फरक क्लेअरच्या गोलांनी पडला, शून्यावरून पाच. त्यातले तीन ओ'डॉनेलचे.

खेळाची बाकीची ओळख थोडक्यात. प्रत्येक संघात १५ खेळाडू, परगण्यांच्या वरिष्ठ सामन्याची वेळ ७० मिनिटं, मैदान फुटबॉलच्या मैदानापेक्षा बरंच मोठं, १३० ते १४५ मीटर लांब. हातातल्या काठीला हर्ली म्हणतात. ती परंपरेने अ‍ॅशच्या लाकडाची आणि टोकाला चपटी, रुंद असते. चेंडूचं नाव स्लिटर, वजन ११० ते १२० ग्रॅम, वर चामडं आणि उंच शिवण. जमिनीवरचा चेंडू थेट हाताने उचलायला मनाई आहे. आधी हर्लीचं टोक त्याच्याखाली सरकवून तो उडवायचा, मग झेलायचा. हातात धरून चार पावलांपेक्षा जास्त जाता येत नाही. त्यामुळे पळणारा खेळाडू चेंडू हर्लीच्या पात्यावर तोलत नेतो, आणि हे पूर्ण वेगात, दोन माणसं अंगावर येत असताना करावं लागतं. जोरात मारलेला चेंडू ताशी १५० किलोमीटरच्या आसपास जाऊ शकतो.

बचाव करणाऱ्याकडे दोन मोठी हत्यारं असतात. समोरचा मारायला हर्ली मागे नेतो तेव्हा मागून आपली हर्ली अडकवून त्याचा फटका रोखायचा, याला हुक म्हणतात. आणि चेंडू सुटतानाच आपली हर्ली त्याच्या आड घालायची, तो ब्लॉक. म्हणजे गोलासमोर चेंडू मिळालेल्या माणसाकडे सेकंदही नसतो. हात वर नेऊन ऐटीत मारायला गेला तर हुक होणार. जवळून गोल करणारे खेळाडू म्हणूनच हर्ली आखूड धरतात आणि मनगटाच्या झटक्याने मारतात. त्या संध्याकाळचे ओ'डॉनेलचे गोल पाहताना त्याच्या मागच्या बचावपटूकडे बघा. त्याची हर्ली पोचते तेव्हा चेंडू जाळ्यात गेलेला असतो.

मुलगा परगण्याच्या संघात येतो कसा

आयर्लंडमध्ये हर्लिंगचा संघ निवडायची सोय नसते. ज्या गावात किंवा चर्चच्या हद्दीत वाढलात, तिथला क्लब तुमचा. त्या क्लबमध्ये चांगलं खेळलात तर परगण्याचा संघ बोलावतो, आणि तो परगणाही सहसा जन्मगावाचाच असतो. लिलाव नाही, करार नाही, जास्त पैसे देऊन दुसऱ्या परगण्याचा खेळाडू फोडणं नाही. १ नोव्हेंबर १८८४ रोजी थर्ल्स गावच्या हेज हॉटेलात गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन, म्हणजे जीएए, स्थापन झाली तेव्हापासून हा पाया टिकून आहे. तिचा मुख्य संस्थापक मायकल क्युसॅक क्लेअरचाच होता.

ओ'डॉनेलचा जन्म जून १९९४ चा. एनिस हे क्लेअरचं मुख्य शहर आणि एरा ओग एनिस हा तिथला त्याचा क्लब. अख्ख्या क्लेअरची लोकसंख्या सव्वा लाखाच्या आसपास, त्यातही पश्चिमेकडच्या भागात गेलिक फुटबॉल या दुसऱ्या आयरिश खेळाचा जोर जास्त. एवढ्याशा मुलखातून १५ जण उभे करायचे आणि कॉर्क, किलकेनी, टिपरारीसारख्या परगण्यांशी भिडायचं. या तिघांनी मिळून बहुतेक ऑल-आयर्लंड विजेतेपदं आपल्याकडे ठेवली आहेत. क्लेअरची २०१३ पर्यंत तीनच होती: १९१४, १९९५ आणि १९९७. पहिल्या आणि दुसऱ्यामध्ये ८१ वर्षांचं अंतर.

मग २०१३ कुठून आलं? वयोगटांच्या संघांतून. परगण्याचा कुमार संघ असतो, त्यावरचा ओ'डॉनेलच्या काळात २१ वर्षांखालचा होता. (आता हे गट १७ आणि २० वर्षांखालचे आहेत.) या २१ वर्षांखालच्या गटात क्लेअरने २००९ मध्ये पहिल्यांदा ऑल-आयर्लंड जिंकलं आणि मग २०१२, २०१३, २०१४ अशी ओळीने तीन वर्षं. ही मुलं शाळकरी वयापासून एकत्र खेळत वाढलेली होती. २०१३ मध्ये तर ८ सप्टेंबरची बरोबरी आणि २८ सप्टेंबरचा फेरसामना यांच्या मधेच, १४ तारखेला, २१ वर्षांखालचा अंतिम सामनाही झाला. टोनी केलीसारखा मुलगा तीन आठवड्यांच्या आत तीन अंतिम सामने खेळला. त्या वर्षी वर्षातला सर्वोत्तम हर्लर आणि सर्वोत्तम तरुण हर्लर हे दोन्ही मान केलीला मिळाले. ओ'डॉनेल या पिढीतलाच एक होता. त्याची ती संध्याकाळ आकाशातून पडली असं सांगितलं जातं, ते मला पटत नाही. क्लेअरने पाचसहा वर्षं जे पेरलं होतं त्यातलंच एक रोप तिथे उगवलं.

प्रशिक्षक डेव्ही फिट्झगेराल्डने फेरसामन्यासाठी जाहीर केलेल्या संघात डॅरा होननचं नाव होतं. ते बदलून त्याने ओ'डॉनेलला उतरवलं, आणि ही गोष्ट त्या मुलाला सामन्याच्या काही तास आधी कळली. कॉर्कच्या बचावाने त्याची तयारी केलेली नव्हती. आणि ८० हजारांहून जास्त प्रेक्षकांपुढे खेळायचंय या विचाराने १९ वर्षांच्या पोराची रात्रीची झोप उडणार होती, तीही वाचली. पहिल्या १९ मिनिटांत त्याने तीन गोल केले. शेवटाकडे त्याला बाहेर बोलावलं तेव्हा स्टेडियम उभं राहिलं. जागा गमावलेला होनन नंतर बदली म्हणून मैदानात आला आणि क्लेअरचा पाचवा गोल त्याने केला, हेही लक्षात ठेवण्यासारखं आहे.

पगार शून्य

आपल्याकडच्या वाचकाला सगळ्यात अवघड जाते ती हीच गोष्ट. क्रोक पार्कमध्ये ८२ हजारांहून अधिक माणसं बसतात आणि अंतिम सामन्याची तिकिटं मिळवायला झुंबड उडते. तरी मैदानावरच्या तिसांपैकी एकालाही खेळण्याचा पगार मिळत नाही. प्रवासखर्च, जेवण आणि खेळाचं सामान मिळतं. सरकारकडून परगण्याच्या खेळाडूंना छोटं अनुदान असतं. बाकी पोट भरायला शिक्षक, शेतकरी, सुतार, बँकेतले कर्मचारी, विद्यार्थी जे काही असाल ते असायचं. संध्याकाळी गाडी काढून सरावाला जायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर हजर व्हायचं.

ओ'डॉनेल २०१३ मध्ये कॉर्क शहरातल्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये जनुकशास्त्र शिकत होता. म्हणजे शनिवारी ज्या परगण्याला हरवलं त्याच परगण्याच्या वर्गात पुढच्या आठवड्यात बसायचं. पदवीनंतर त्याने सूक्ष्मजीवशास्त्रात पीएचडी केली. मधे फुलब्राइट शिष्यवृत्ती मिळवून तो संशोधनासाठी अमेरिकेत हार्वर्डलाही गेला. एखादा व्यावसायिक खेळाडू ऐन भरात असताना देश सोडून प्रयोगशाळेत जाऊन बसेल का? हर्लरला जावं लागतं, कारण आयुष्यभराची भाकरी त्या कामावर अवलंबून असते. परगण्याच्या संघातून माणूस गळतो तो बऱ्याचदा खेळ खालावल्यामुळे गळत नाही. नोकरी डब्लिनला लागते, लेकरं होतात, आठवड्यात चारपाच रात्री देणं जमेनासं होतं. हर्लिंगमध्ये एखादा गडी दहाबारा वर्षं वरच्या पातळीवर टिकला, तर त्यात त्याच्या घरच्यांचा आणि वरिष्ठांचाही मोठा वाटा असतो.

२०१३ नंतर त्याच्यावर सत्कारांचा आणि फोटोंचा पाऊस पडला. क्लेअरमधल्या गावोगावच्या कार्यक्रमांना तो गेला की तरुण मुलामुलींची गर्दी लोटायची. तो स्वभावाने बुजरा, त्याला हे सोसणं जड गेलं, असं पुढे त्याने मोकळेपणाने सांगितलं आहे. आणि लोकांनी त्याला त्या एका संध्याकाळच्या मापाने मोजायला सुरुवात केली. प्रत्येक सामन्यात तीन गोल कोण करणार? क्लेअरही पुढची काही वर्षं चाचपडत राहिलं. २०१६ ची राष्ट्रीय लीग जिंकली, पण मोठी स्पर्धा हाती लागेना. २०१८ च्या उपांत्य सामन्यात गॉलवेशी जादा वेळेनंतरही बरोबरी झाली आणि फेरसामना क्लेअरने एका गुणाने गमावला.

डोक्याला लागलेला मार

२०२१ मध्ये सरावात ओ'डॉनेलच्या डोक्याला जबर मार बसला. हाड मोडलं नाही, रक्त आलं नाही. मेंदूला हादरा बसला, ज्याला कन्कशन म्हणतात. त्या हंगामाचे उरलेले सामने गेलेच, पण पुन्हा कधी खेळता येईल की नाही याचीही शाश्वती उरली नव्हती.

हर्लिंगमध्ये २०१० पासून सर्वांना हेल्मेट सक्तीचं आहे, मग असं कसं झालं, असा प्रश्न साहजिक आहे. हेल्मेट आणि त्याची जाळी डोळे, दात आणि कवटी वाचवतात, आणि त्या कामात ती उत्तम आहेत. पण मेंदू कवटीच्या आत द्रवात तरंगत असतो. डोकं झटकन थांबलं किंवा वळलं की तो आतल्या आत हलतो. डबा फुटला नाही म्हणून आतलं दही हलायचं राहत नाही, तसंच हे आहे. या दुखण्यात प्रकाश आणि आवाज सहन होत नाहीत, वाचताना लक्ष लागत नाही, डोकं जड राहतं, आणि यातलं काहीच बाहेरून दिसत नाही. मोडलेल्या हाताला प्लास्टर घातलेलं दिसतं, त्यामुळे कुणी लवकर परत ये म्हणत नाही. इथे खेळाडूनेच स्वतःला थोपवायचं असतं. ज्याचा पोटाचा धंदा डोक्याने करायचा आहे, त्या संशोधकाला हा हिशेब आणखी कठीण. माझ्या मते त्याच्या कारकिर्दीतली सगळ्यात धाडसाची गोष्ट क्रोक पार्कवर घडली नाही. घाई न करता थांबून, बरं होऊन मग परतणं, ही ती गोष्ट.

२०२२ मध्ये तो परतला, आणि वेगळाच खेळाडू होऊन परतला. पूर्वी तो गोलाजवळ घुटमळणारा, संधी साधणारा आघाडीपटू होता. आता तो मैदानाच्या मधल्या पट्ट्यापर्यंत मागे येऊ लागला. स्वतःच्या गोलरक्षकाने लांब मारलेला चेंडू गर्दीत उतरतो, तिथे तीनचार जण उड्या मारतात. चेंडू कुणाच्या तरी हातावरून निसटून खाली पडतो, आणि तो पहिला उचलणारा माणूस म्हणजे ओ'डॉनेल. उचलल्यावर तो बाजूला पळत नाही, थेट बचावपटूच्या अंगावर जातो. मग तीनपैकी एक घडतं. तो निसटतो आणि गोलाची संधी तयार होते. दोन बचावपटू त्याच्याकडे ओढले जातात आणि मोकळ्या झालेल्या साथीदाराकडे तो चेंडू हाताने ढकलतो. किंवा त्याला नियमबाह्य अडवलं जातं आणि क्लेअरला फ्री, म्हणजे कुणी न अडवता मारायचा फटका, मिळतो, ज्यावर दुसरा कुणीतरी पॉइंट मारतो. गुणफलकावर नाव त्या दुसऱ्याचं लागतं. वर्तमानपत्रात ओ'डॉनेलच्या नावापुढे एखादा पॉइंट दिसतो, कधी तोही नाही, आणि सामना मात्र त्याने फिरवलेला असतो.

हा बदल त्याच्या एकट्यापुरता नव्हता. २०१३ मध्ये पुढे खेळणारा जॉन कॉनलन २०२४ मध्ये बचावाच्या मध्यभागी उभा होता. टोनी केली संघाचा कर्णधार झाला होता. डेव्हिड मॅकइनर्नीही अजून होता. प्रशिक्षक ब्रायन लोहन, म्हणजे १९९५ आणि १९९७ च्या विजेत्या संघांचा भरवशाचा बचावपटू. ही मंडळी २०२२ आणि २०२३ मध्ये ओळीने दोनदा उपांत्य फेरीत किलकेनीकडून हरली. २०२४ मध्ये त्यांनी आधी लीगचा अंतिम सामना किलकेनीविरुद्ध जिंकला, मग ऑल-आयर्लंडच्या उपांत्य सामन्यातही किलकेनीलाच दोन गुणांनी हरवलं.

२१ जुलै २०२४. पुन्हा क्रोक पार्क, पुन्हा समोर कॉर्क. सुरुवातीला क्लेअर सात गुणांनी मागे पडलं. एडन मॅकार्थी आणि मार्क रॉजर्सच्या गोलांनी ते सावरलं. टोनी केलीने बचावपटूंच्या मधून वाट काढत, चेंडू हर्लीवर खेळवत जो गोल केला, तो हर्लिंगप्रेमी पुढची कित्येक वर्षं सांगत राहतील. ७० मिनिटांनंतर बरोबरी झाली. जादा वेळ खेळली गेली आणि शेवटी क्लेअर ३-२९, कॉर्क १-३४. करा बेरीज: ३८ आणि ३७. कॉर्कचे पॉइंट पाच जास्त, क्लेअरचे गोल दोन जास्त, आणि निकाल एका गुणाचा.

त्या वर्षीचा सर्वोत्तम हर्लर म्हणून ओ'डॉनेलची निवड झाली. हा मान पत्रकार देत नाहीत. परगण्यांसाठी खेळणारे खेळाडू स्वतः मतं देतात, म्हणजे वर्षभर ज्यांनी त्याला अडवायचा प्रयत्न केला तेच. गुणफलकावर न दिसणारं काम त्यांनी अंगावर घेतलेलं असतं, त्यांना ते मोजायला फलक लागत नाही. तीन गोल केले त्या वर्षी हा मान त्याचा नव्हता आणि तो नसणंच योग्य होतं. २०१३ चं अख्खं वर्ष केलीचं होतं. २०२४ चं वर्ष ओ'डॉनेलचं होतं.

एक गोष्ट मात्र या पिढीला सतत हुलकावणी देत आली आहे. आयर्लंडच्या दक्षिणेकडच्या मन्स्टर प्रांताची स्वतःची स्पर्धा असते: क्लेअर, कॉर्क, लिमरिक, टिपरारी आणि वॉटरफर्ड. क्लेअरने ती शेवटची जिंकली १९९८ मध्ये. २०१७ आणि २०१८ चे अंतिम सामने कॉर्ककडून गेले, २०२२, २०२३, २०२४ चे लिमरिककडून. त्यातला २०२२ चा जादा वेळेनंतर, २०२३ चा एका गुणाने. दोनदा देशाचा विजेता झालेला ओ'डॉनेल त्या २०२४ च्या विजयापर्यंत प्रांताचा विजेता एकदाही झाला नव्हता.

हा खेळ पाहायचा असेल तर जुलैच्या अंतिम सामन्याची वाट पाहू नका. मन्स्टरचे साखळी सामने एप्रिलच्या उत्तरार्धापासून मे अखेरपर्यंत होतात, आणि बरेच जाणकार वर्षातलं सगळ्यात चुरशीचं हर्लिंग तेच मानतात. आयर्लंडची दुपार म्हणजे आपली संध्याकाळ, त्यामुळे वेळ सोयीची आहे. क्लेअरचा सामना लागला तर पहिली दहा मिनिटं चेंडूमागे नजर पळवू नका, ती पळून दमतेच. चेंडू उंच उडाला की तो उतरणार असेल तिथल्या गर्दीत कोण खाली वाकलंय, तेवढं बघा.